तीन आणि दोन

माझा धंदा बुडवणाऱ्यांत पहिला तू, शीतल मगदूम.
हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं.

ट्रॅक्टरवर सोळा बॉक्स, त्यावर आणि सोळा,
पापाच्या तिकटीला खिडक्यांच्या काचा लटालटा
आणि तुझ्या मागं तीनशे पोरं.
त्या वर्षी आमच्या बँडचे लाल कोट
डांबरगोळ्या घालून पेटीत गेले ते गेलेच.
क्लॅरनेटवाला रिक्षा चालवाय लागला.
ढोलवाल्यानं शिरोलीच्या फौंड्रीत नाव घातलं.
मी ट्रम्पेट कपाटावर ठेवलं,
तोंड भिंतीकडं करून.

मग कोर्टाचा कागद, आवाजाचं मीटर.
तुझे बॉक्स पोलीस ठाण्याच्या आवारात
दोन पावसाळे भिजले. मला बरं वाटलं.
खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

त्या दोन वर्षांत तू काय ऐकत बसलास
कुणाला ठाऊक. शाहूपुरीत बापाच्या अडतीवरची खोली,
खालून गुळाचा वास, मिक्सरमध्ये मुंग्या,
भिंतीला अंड्यांचे ट्रे.
जैनाच्या घरात अंड्यांचे ट्रे!
बापानं आठ दिवस अबोला धरला.

आणि एका संध्याकाळी माझ्या दारात आलतास,
"कासमचाचा, क्युबाचं ऐकलंय काय?"
म्हटलं, क्युबा म्हंजे चिरूटवाला?
"व्हय, तोच."
बशीवर चमचा मारलास, खट्, खट्, खट्.
थांबलास.
खट् खट्.
म्हटलं, हे काय, उसनं मागणाऱ्याची थाप?
"ही चावी," म्हणालास. "हिच्यात सगळे बसतात.
फक्त मधली जागा भरायची न्हाई."

भरायची न्हाई!
पस्तीस वर्षं वरातीत चाललो,
जागा दिसली की फुंकलं.
घोडा अडला, फुंकलं. नवरी रडली, फुंकलं.
नाचणाऱ्याच्या दातातली नोट जवळ आली की
गाल फाटेस्तोवर फुंकलं.
रस्ता गप्प राहिला तर मालक पैसे कापायचा.

अकरा रात्री लागल्या.
ओठ सुजले, वाल्व अडकले, खोबरेल घातलं.
कागलच्या दिगू आवळेनं शेगडीवर हलगी शेकली,
तुझ्या त्या चावीत एकदाच बोट घातलं
आणि उघडून आत गेला. मी दारात.
तू चिडला नाहीस. नुसता हात वर करायचास,
आणि त्या थांबण्यात खालून
हमालांची खोकली, रव्यांचं वजन, अडत्याचा पुकारा.
ते सगळं तू तसंच ठेवलंस. मला वाटलं, पुसायचं विसरलास.

पहिल्या तीनशे रेकॉर्डींतल्या दोनशे सत्तर
अजून गुळाच्या पोत्यांमागं आहेत.
दुसरीचं नाव काढू नको म्हणतोस, नाही काढत.
तिसरीनं तुला लिस्बनला नेलं, मग रॉटरडॅमला,
तिथं पोस्टरवर बाईचं चित्र छापलं.
त्यांना कोण सांगणार, आमच्याकडं
शीतलला मिशी असते, आणि तो
झणझणीत मिसळीवर दोन पाव जादा घेतो.
तू ते पोस्टर गुंडाळून आणलंस,
आईनं देवघराच्या बाजूला लावलं.

माझ्या खात्यात अकराशे चाळीस रुपये आले.
बँकेतल्या पोरीनं विचारलं, चाचा, हे कसले?
म्हटलं, न वाजवल्याचे.

परवा विसर्जनाला नवा कोण पोरगा होता,
बत्तीस न्हाई, चौसष्ट बॉक्स.
छातीतलं पाणी हलत होतं.
आपण दोघं बंद दुकानाच्या पायरीवर,
तू कानात कापूस घातलेला,
पोरं ओळखत नव्हती तुला, एकानं ढकललंसुद्धा.
मी शटरवर बोटानं मारलं,
तीन.
पुढचे दोन तू मारशील म्हणून थांबलो.
मारले नाहीस.
विसरलास का मुद्दाम सोडलेस,
अजून विचारलेलं नाही.