बंबाकडची काडी

चौतीस वर्षं उद्यमबागेत
मी लोखंड वितळताना बघितलं.
चौदाशे अंश. डोळ्यावर निळी काच.
नुसत्या रंगावरून सांगायचो, "अजून दोन मिनिटं,"
आणि भट्टीवरची पोरं थांबायची.

आता मजगावात, परसात,
मांडवाच्या खांबाला थर्मामीटर बांधलाय सुतळीनं.
पहाटे चारला उठून टॉर्च मारतो.
साडेनऊ. नऊ. आठला टेकलेलं.
केसाएवढी लाल रेघ,
आणि तिच्या भरवशावर माझी झोप.

वेल ऐनापूरची.
तम्माण्णा मगदूम पंपाची बॉडी ओतून न्यायला यायचा,
त्यानं दिली, ओल्या पोत्यात गुंडाळून:
"खालचा खुंट रानटी. कसलीपण माती खातोय.
वरचं कलम निळ्या जातीचं.
साल जाड, आत बी,
पण थंडीला दाद देत नाही गडी.
पांढऱ्या जाती लाडाच्या, त्या तुला नकोत."

दोन वर्षं नुसता पाला.
एप्रिलात खरड छाटणी केली, हात थरथरला.
ऑक्टोबरात गोडी छाटणी.
(हे नाव ज्यानं ठेवलं
त्यानं कधीतरी स्वतःलाही कापलं असणार.)
सगळ्या काड्या मापात घेतल्या, डोळे मोजून.
एकच सुटली होती, भिंतीवरनं
न्हाणीकडं गेलेली, वाट चुकल्यासारखी.
कात्री लावली तर मालन म्हणाली,
"राहू दे की. माझ्या ओल्या फडक्यांवर सावली येते."
ठेवली. तिच्या फडक्यांसाठी.

जानेवारीत घड वाटाण्याएवढे.
आमच्यात हिम पडत नाही, हे खरं.
पण खानापुराकडनं वारं सुटलं
की विहिरीचा दोर हातात घेववत नाही.
मी घडांना कागद गुंडाळले,
अर्धे पेपर मराठी, अर्धे शेजारच्या गंगव्वांचे.
खाली रात्री पाणी सोडलं,
घमेल्यात कोळसे, वर ओला पाला, धूर.
गंगव्वा कंपाउंडावरनं बघत म्हणाल्या,
"थंडी भाळ ऐती. पण कावळ्यांना
वाचायला काय दिलायस हे?"

एका रात्री गजर वाजला नाही.
किंवा वाजला, आणि मीच दाबला.
जाग आली तेव्हा ऊन पत्र्यावर होतं.
थर्मामीटर आता बावीस दाखवत होता, भोळा चेहरा करून.
कोवळे शेंडे उकडलेल्या भाजीसारखे काळे.
कागद सोडून बघितलं:
मणी जिथल्या तिथं थांबलेले, घट्ट, हिरवे.
घमेल्यातली राख गार.
भट्टी विझली की असंच व्हायचं,
लोखंड मधेच थिजायचं,
मग घणानं फोडून काढावं लागायचं.

दुपारी मालननं हाक मारली.
न्हाणीच्या भिंतीला, बंबाचं नळकांडं बाहेर येतं तिथं,
ती वाट चुकलेली काडी,
आणि तिला तीन घड.
निळे पडायला लागलेले, अंगावर पांढुरकी लव.
भिंतीला हात लावला. ऊब होती.

मालन पाचला बंब पेटवते.
मी भट्टीवर जायचो तेव्हापासून,
पहिल्या पाळीला गरम पाणी लागायचं म्हणून.
आता पहिली पाळी नाही,
तरी पेटवते. शेणी, नारळाच्या करवंट्या,
जुन्या चपलांचं रबर कधीकधी, मी ओरडलो तरी.
माझ्या थर्मामीटरानं
हे कधी मोजलं नव्हतं. मीही नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी खाल्ली.
साल तुरट, आत गोड, बी कडू.
एक घड गंगव्वांना दिला.
पहिल्या मण्याला डोळे मिटून "हुळी" म्हणाल्या,
आणि घड संपेस्तोवर कट्ट्यावरनं उठल्या नाहीत.
मालन बिया बंबाच्या राखेत थुंकत होती, नेम धरून.

"ऑक्टोबरात कात्री माझ्याकडं दे," म्हणाली.

मी काही बोललो नाही.
करवंट्या फोडायला घेतल्या,
उद्याच्या पाचसाठी.