राणी कलर

कॅलिब्रेटर स्क्रीनवर गोचिडासारखा चिकटला,
लाल, हिरवा, राखाडी चाखून म्हणाला, ठीक.
तरी गोडांबेबाईंनी अल्बम परत आणला:
"सगळेच लाजलेत हो. नवरीचं समजते, पण भटजी?"

कागद बदलला. प्रोफाइल बदललं.
माझगावच्या पोटमाळ्यावर तीन रात्री
शाईला शिव्या.

मग दुपारी मान वर केली तर
समोरच्या सोसायटीनं गणपतीआधी लावलेला रंग
खिडकीतून आत येऊन बसलेला:
भिंतीवर, टेबलावर, माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर.
डोळ्यांनी त्यालाच पांढरं धरलं होतं.
स्क्रीन हिरवट वाटायची,
मी वरून गुलाबी ओतायचो.

आता खिडकीला करडं कापड.
अल्बम नव्यानं छापला,
यजमानांचा एक फोटो मात्र तसाच लाजरा ठेवला.
बाई त्या पानावर जरा थांबल्या,
मग सुट्टे पैसे मोजू लागल्या.