जेनेट रेनी, वय सात

मे महिन्यात सदरच्या चर्चमधली रजिस्टरं उघडायची
म्हणजे आधी पंखा बंद करावा लागतो.
पानं उडतात म्हणून नाही, तुटतात म्हणून.
पास्टर उमाळे किल्ली देता देता बजावतात,
"थुंकी लावून पान उलटू नका, बाई."
चौतीस वर्षं विमा कंपनीत
मृत्यूचे दावे तपासले मी.
मला सांगतात.

बाप्तिस्मा क्रमांक दोनशे सोळा. दुष्काळाचं साल.
जेनेट रेनी. मुलगी. वय अंदाजे सहा.
आईचे नाव: आडवी रेघ.
वडिलांचे नाव: आडवी रेघ, जरा लांब.
गाव: काहीतरी लिहिलं होतं, मग खोडलं.
समासात, बारीक अक्षरात: किन्नेल्डी पॅरिशतर्फे.

ही माझी पणजी.
पुढे जेनेट एलिया सोनटक्के,
मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची बायको.
तिच्या पाटोडीच्या रश्शाने
दोन गोरे पाद्री घामाघूम झाले होते म्हणतात.
इंग्रजी येत नव्हतं. सही तेवढी इंग्रजीत.

आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं,
थोडं स्कॉटिश रक्त असणार आपल्यात.
रूथआत्या तर स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवायची
पुरावा म्हणून.

म्हणून मी किन्नेल्डीला पत्र घातलं.
तिथली जुनी दफ्तरं मोराग पिरी नावाची बाई सांभाळते.
तिचेही गुडघे गेलेत. पहिलं पानभर तेच.
सोबत एक फोटो.

फोटोत दगड. दगडावर शेवाळ,
शेवाळात अक्षरं:
जेनेट रेनी. वय सात.

कूलर चालू होता, वाळ्याचा ओला वास,
आणि मी माझ्या पणजीचं थडगं बघत होते
जिथे ती कधी गेली नाही,
जिथे ती सातव्या वर्षी घटसर्पाने गेली.
आमची जेनेट तर एक्याऐंशीची होऊन
कामठी रोडच्या कब्रस्तानात निजली आहे.

मग जमाखर्चाच्या वहीचं पान.
वरची ओळ, घंटेसाठी नवी दोरी.
खालची, कोळसा.
मधे: रेनी सुतार व पत्नी यांजकडून,
मृत मुलीच्या स्मरणार्थ,
नागपूर येथील एका अनाथ मुलीच्या पोषणाला
दरसाल पौंड तीन.
अट: नाव हेच ठेवावे.

रक्त वगैरे काही नाही, आत्या.
एका सुताराने आपल्या पोरीचं नाव
बोटीने पाठवलं, वाया जाऊ नये म्हणून,
आणि इथे ते एका उघड्या अंगाच्या पोरीला
झग्यासारखं घातलं. मापात बसलं असेल, नसेल.
आत्या नाकावरचं बोट काढेना.

पाकिटाच्या तळाशी मिशनच्या बाईंची पोच:
पैसे मिळाले. मुलगी आता हाक मारल्यावर वळून पाहते.
पूर्वीचे नाव विचारले असता सांगितले,
आणि पुढे तीन अक्षरं.
जे. वाय. ई.

मी ती तीन अक्षरं रात्रभर तोंडात घोळवली.
जाई?
जयी?
की ती पोर नावच सांगत नव्हती,
टोपीवाल्या अनोळखी बाईला
आपल्या बोलीत म्हणत होती,
जाय. जाय इथून.
आणि बाईंनी ते नीट लिहून घेतलं.

अशा दाव्यावर मी लाल शाईत शेरा मारायचे,
अपुरी कागदपत्रे.

मोरागबाईला आता आमच्या जेनेटचा फोटो हवा आहे.
भर दुपारी गेले. फरशी तव्यासारखी,
अक्षरं दिसेनात.
बाटलीतलं पाणी ओतलं, नाव वर आलं,
मोबाईल काढेपर्यंत वाळलं.
पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा जमलं.
फोटोत माझी सावली आली आहे,
नेमकी आडनावावर.
तोच पाठवला.