तास दोनदा वाजतो

आमच्या गावातल्या चर्चचं घड्याळ
प्रत्येक तास दोनदा वाजवतं.
एकदा वेळेवर,
आणि दोन मिनिटं थांबून पुन्हा,
ज्याची मोजणी चुकली असेल त्याच्यासाठी.
लेओन्स म्हणायचा, पहिले ठोके पाद्रीबाबांचे,
दुसरे आपल्यासारख्या आळशांचे.

लेओन्स, माझा धाकटा भाऊ.
मार्चमध्ये गेला,
परसातला आलुबुखार नखशिखांत बहरलेला असताना.
त्या झाडाशी मी उन्हाळाभर बोलले नाही.

मग ऑक्टोबर आला, न विचारता.
सकाळी दोर्दोन्य नदीवरून धुकं चढतं,
दूध उतू जावं तसं
कुंपणाच्या दगडांवरून अंगणात सांडतं.
दहाच्या सुमाराला आधी पॉप्लरचे शेंडे दिसतात,
मग फिर्मांचं धुराडं,
मग टेकडी, हळूहळू,
जणू कुणी आठवून आठवून ती पुन्हा मांडतंय.
कोठाराच्या भिंतीवरचा वेल इतका लाल झालाय
की टपालवाली बाई पिवळी गाडी थांबवते,
काच खाली करते, बघते,
आणि पत्र द्यायचं विसरून निघून जाते.
विजेचं बिलच होतं. येईल उद्या.

फिर्मां दफनाच्या दिवशी आला होता,
टोपी हातात गोल गोल फिरवत उभा राहिला
आणि एक शब्द न बोलता गेला.
परवा दारात आला, खांद्यावर लांब काठी.
म्हणाला, "अक्रोड पडायला लागलेत, मिरेय."
एवढंच.
मी टोपली शोधायला उठले.

ओल्या गवतात वाकायचं,
पानं बाजूला सारायची,
फुटलेल्या हिरव्या सालीतून अक्रोड काढायचा,
पुन्हा वाकायचं.
फिर्मां काठीने फांदी हलवतो
आणि वरून पानं आणि अक्रोड आणि ऊन
असं सगळं एकदमच खाली येतं.
"यंदा लहान आहेत," तो म्हणतो.
थोड्या वेळाने, एक फोडून, "पण भरलेत."

सालीचा रस हातांना लागतो तो जात नाही.
साबण झाला, लिंबू झालं,
नखांच्या कडा नाताळपर्यंत काळ्याच राहणार.
बेकरीत सुटे पैसे घेताना
मी तळवा जरा मिटून धरला.
काउंटरमागची पोरगी हसली
आणि तिने आपले दोन्ही हात पुढे केले, उलटेसुलटे करून दाखवले:
काळेभोर.
रांगेतल्या म्हाताऱ्यानेही दाखवले.
मार्चमध्ये या गावात काळं घालून
मी एकटीच फिरत होते.

आता माळ्यावर जाळीच्या तक्त्यांवर अक्रोड वाळतात.
सकाळ-संध्याकाळ परतावे लागतात,
नाहीतर बुरशी धरते.
तेवढ्यासाठी मी उठते. गुडघे कुरकुरतात, जिना कुरकुरतो.
हाताखाली अक्रोड खडखडतात,
नदीकाठचे गोटे पाण्याने हलावेत तसे,
आणि माळ्याच्या खिडकीतून
चेस्टनटचं बन दिसतं, एका रात्रीत उधळपट्टी करून बसलेलं,
शेजारी ओक, एकही पान सुटू नये म्हणून
मूठ आवळून उभे.
मला दोघांचंही पटतं.

आज पहाटे क्रौंच गेले, दक्षिणेकडे.
आवाजानेच जाग आली.
हाताला लागले ते बूट घातले, ते लेओन्सचे निघाले,
दोन मापं मोठे,
आणि तशीच अंगणात गेले.
धुक्यामुळे एकही पक्षी दिसला नाही,
पण वर कुठेतरी तो लांबलचक कलकलाट सरकत होता,
थव्याच्या शेवटी एक जण मागे राहून ओरडत होता
आणि पुढून त्याला उत्तर येत होतं.

तेवढ्यात घड्याळ वाजलं.
मी वर बघत होते, माझी मोजणी चुकली.
मग तशीच उभी राहिले,
मोठ्या बुटांत, काळे हात खिशात घालून,
दोन मिनिटं.

सात.
पाव आणायला निघायला हवं होतं.