धाकटा कुलाबा

ग्रीसचा खर्च विश्रामने पाकिटाच्या पाठीवर मांडला,
खाली दोनदा रेघ ओढली
आणि पाकीट उलटं करून ठेवलं.
मग डिसेंबरातल्या एका शनिवारी
आम्ही कुलाब्याच्या धक्क्यावर,
उसनी लाइफ-जॅकेटं घालून.
माझं कुठल्यातरी शाळकरी पोराचं, काखेत काचणारं.
ग्रीससाठी घेतलेली हॅट मात्र त्याने आणली होती.

सात होड्या, एका रांगेत.
करंज्याच्या दर्शना नाखवाने
त्यांना जुन्या बेटांची नावं दिलेली:
माहीम, वरळी, परळ, माझगाव, मुंबई, कुलाबा
आणि शिडाला ठिगळ असलेला, उरलेला,
म्हणून आमचा,
धाकटा कुलाबा.

सव्वीस वर्षं मी वर्गात सांगितलं,
ही बेटं भराव घालून एक केली.
सांगताना डस्टरने मधलं पाणी पुसायचे.
ते पाणी आता परत आलं होतं,
चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, वर डिझेलची साय,
आणि त्यातून परळ
माहीमच्या अंगावर चालून जात होतं.

"सुकाणू ज्याच्या हातात, तो विचारणार, वळायचं?
दुसऱ्याने म्हणायचं, तयार.
तयार नसाल तर गप्प राहा.
गप्प म्हणजे नाही," दर्शना म्हणाली.

विश्रामने माझ्याकडे पाहिलं नाही.
आमच्या घरात गप्प म्हणजे हो.
सोफ्याच्या रंगापासून
मुलीच्या कॉलेजपर्यंत.

पहिली पाळी त्याची.
"वळायचं?" म्हणाला, आणि वळला.
आडवी काठी माझ्या केसांवरून गेली,
परत येताना त्याची हॅट घेऊन गेली.
हॅट घारापुरीच्या दिशेने निघाली,
अगदी नीट, सरळ,
आमच्याहून चांगली.

साडेअकराला वारा पडला.
एकदम. पंखा बंद करावा तसा.
सातही बेटं नकाशावर असतात तशी थांबली.
लांबच्या टँकरवर कुणीतरी चादर झटकत होतं.
माझगावातलं तरुण जोडपं हळू आवाजात भांडत होतं,
पाण्यावरून शब्द न् शब्द येत होता,
मग त्यांनीच लाजून
चकल्यांची पिशवी आमच्याकडे भिरकावली.
ती पाण्यात पडली. तरी आम्ही खाल्ल्या.

"आता काय?" विश्राम म्हणाला.
"मतलई संपला. खारा यायचाय," मी म्हटलं.
सहावीचा धडा. जमिनीवरून लाल बाण,
समुद्रावरून निळा.
हजार वेळा काढला असेल.
कधी अंगावर घेतला नव्हता.

आधी पश्चिमेकडचं पाणी काळवंडलं.
मग त्याला शहारा आला.
मग माझ्या उजव्या कानावर, गार,
निळा बाण.

सुकाणू माझ्याकडे होतं.
समोर बोया, पिवळा, पोट सुटलेला.
"वळायचं?"
विश्राम गप्प.
शिडाचा दोर त्याच्या मुठीत,
तळहात सोललेला, तो दाखवत नव्हता.
मला वळता आलं असतं.
वीस हात. बारा.
बोयावरच्या बगळ्याने एक पाय बदलला.
मी पुन्हा विचारलं नाही.
सात हात.

"तयार."
बँकेतला नव्हता तो आवाज.
कर्ज मंजूर करतानाचा नव्हता,
नामंजूर करतानाचा तर नव्हताच.

मांडव्याला आम्ही सहावे पोचलो.
सातवं परळ, दोरीने ओढत आणलेलं.
रात्री वाळूवर बसून पाहिलं तर समोर मुंबई,
एकसंध, उजेडाची,
मधलं पाणी कुठेच दिसत नव्हतं.
विश्राम तळहाताला खोबरेल लावत होता.

"सकाळी मतलई किती वाजता सुटतो?"

पुस्तकात वेळ दिलेली नाही, मी म्हटलं.