पाकट

जहाजाची सहल दुप्पट दराची,
पण उशीर झाला तर जहाज थांबतं.
बाहेरचा नाववाला स्वस्त, आठच माणसं घेतो,
घड्याळ मात्र आपलं आपण सांभाळायचं.

सांगलीत, पेढीवर, भूपाल तिसऱ्यांदा बेरीज करतो.
हळदीचं बोट पाकटाच्या चित्रावर:
"आणि ह्याची नांगी?"
पाय उचलायचा नाही, मी म्हणते,
वाळूत घासत जायचं,
माईघाटाच्या शेवाळावर जायचो तसं.

कमरेला डबा बांधून कृष्णा ओलांडली,
तेव्हा माझ्यासाठी
कोण थांबलं होतं?

रात्री न्हाणीघरात उजेड.
बादलीत तोंड, डोळ्यांवर नवी काच,
नळी तेवढी वर.
मला पाहून काहीतरी बोलला.
बुडबुडेच आले.
मी होकार धरला.