सातवा प्रश्न

पहिल्या तासाला मी काही शिकवत नाही.
खुर्च्या हलवायला लावते.
"दाराआड कुणी बसायचं नाही.
समोरच्याला दार दिसलं पाहिजे,
आणि वाट मोकळी."
चोवीस मुलं खुर्च्या ओढतात,
लोखंडी पाय सिमेंटवर करकरतात,
मागच्या रांगेतली लाकेर
दोन्ही कानांवर हात ठेवते.
दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही.
दुसऱ्या दिवशी आम्ही खुर्च्या उचलून ठेवल्या.
का, ते मी सांगितलं नाही.

गुलूच्या बाजारामागे आमचं कॉलेज.
बोडाबोडाच्या सायलेन्सरचा बार उडाला
की थोरली माणसं अजून
वाक्य मधेच सोडून देतात.
पोरं हसतात. मग कुणीतरी आधी थांबतं.
ते आधी थांबणारं पोर कोण,
मी वहीत टिपून ठेवते.

ओजारा हुशार. अक्षर मोत्यासारखं.
पहिल्याच गृहभेटीत लामुनूच्या अंगणात
चटईवर मांडी घालून बसला.
ती खापरात तीळ भाजत होती.
सहा प्रश्न सुरळीत गेले:
नाव, गाव, वय, घरात कोण कोण,
मुलं किती झाली, त्यातली आज किती.
(हा सहावाही सुरळीत गेला
याचंच मला जास्त भय वाटतं.)
सातवा त्याने छापलाय तसा वाचला.
तिचा हात थांबला.
तीळ तडतडले, काळे पडले,
धूर त्याच्या डोळ्यांत गेला,
ती खापराकडे बघत बसली
जणू ते दुसऱ्या कुणाच्या चुलीवर होतं.
ओजाराने रकान्यात लिहिलं: उत्तर नाही.

"मॅडम, मी तर फक्त विचारलं."
खपली काढणाराही फक्त नख लावतो,
हे माझ्या ओठांवर आलं होतं.
गिळलं. तोही करपूनच आला होता.
चहा दिला. म्हटलं,
"तिळाचा भाव काय चाललाय सध्या?"
त्याला माहीत नव्हतं.
"तेवढा काढून ये."

पुढच्या बुधवारी तो फॉर्म न घेता गेला,
कागदाच्या पुडीत दोन पेले तीळ.
कुंपणाबाहेरून हाक मारली.
"आज येऊ, की नको?"
"नको."
"तीळ ठेवून जाऊ?"
"ठेव."
वर्गात तो मान खाली घालून म्हणाला,
काहीच झालं नाही.
मी खडू घेतला, फळ्यावर लिहिलं:
ती नको म्हणाली.
आणि पूर्ण तास त्या तीन शब्दांवर घालवला.
बंदुका असोत की मदतीचे ट्रक,
तिच्या दारी आलेल्या कुणीच
आजवर विचारलं नव्हतं, येऊ का.

तिसऱ्या खेपेला तिनेच विचारलं:
"तुझी आई कुठल्या छावणीत होती रे?"
ओजारा अडखळला.
आपण तिथेच जन्मलो एवढं त्याला ठाऊक.
बाकी आई बोलत नाही.
फक्त रोज दिवस मावळायच्या आत
चूल विझवते, राखेवर पाणी ओतते,
म्हणून त्यांच्या घरी रात्री कधी गरम जेवण नाही.
त्याला वाटायचं, सगळ्याच आया विझवतात.
लामुनू म्हणाली, "धूर दिसायचा ना लांबून."
एवढंच.
मग तिने नातवाकडे बोट दाखवलं:
लढाई संपल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेला,
भर दुपारी ओसरीत झोपलेला,
पायांत चपला.
"मी नाही शिकवलं त्याला," ती म्हणाली.

त्या आठवड्याचा ओजाराचा अहवाल
एका पानाचाही नाही.
मोत्यासारखं अक्षर थोडं तिरकं झालंय.
कुटुंबाची माहिती, या मथळ्याखाली
त्याने स्वतःचंच घर लिहिलंय:
*काल आईला म्हटलं,*
*आजच्या दिवस चूल मी विझवू का, जरा उशिरा?*
*आई म्हणाली, बघू.*

मी लाल पेनचं टोपण उघडलं,
पुन्हा लावलं.
बाहेर लाकेर खुर्च्या मांडत होती,
एकेक, दोन्ही हातांनी उचलून.